उसना श्वास

तुम्हीही तेच विचारणार, मला ठाऊक आहे. परक्या देशातून आलेला नट इथे दिग्दर्शक कसा झाला. सांगतो. फक्त तो दिवा जरा माझ्या बाजूला सरकवा. मी बोलताना माझे ओठ तुम्हाला नीट दिसायला हवेत. का, ते शेवटी कळेल.

त्या दिवशी काम अगदी किरकोळ होतं. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी आवाजाच्या स्टुडिओत एक श्वास भरायला गेलो होतो. वाक्य नाही, शब्दही नाही. एक श्वास. पाच मिनिटांत उरकून घरी जेवायला यायचा बेत होता.

पण आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला त्या श्वासाचं काही वाटणार नाही.

मी सव्विसाव्या वर्षी इथे आलो. गाठीशी आठ वर्षांची रंगभूमी होती आणि इथली भाषा दुकानात काही मागता येईल एवढीच. तोंड उघडलं की हेल कळायचा, आणि हेल कळला की समोरचा माणूस संवादांचा कागद मिटून ठेवायचा. म्हणून पहिली तीन वर्षं मी प्रेतं केली. मेलेल्या माणसाला हेल नसतो, त्यामुळे निर्मात्यांना मी सोयीचा पडायचो. थंड टेबलावर डोळे मिटून पडायचं आणि कॅमेरा जवळ आला की श्वास रोखायचा. मिनिटभर छाती हलू द्यायची नाही. त्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. सेटवर माझं नाव ‘गारठा’ पडलं. बायको म्हणायची, घरी आलास तरी पुरता उठत नाहीस. ती थट्टा करायची, मी हसायचो.

मग एका दिग्दर्शकाला माझा चेहरा आवडला. त्याने जिवंत माणसाची भूमिका दिली, पण आवाज दुसऱ्याचा घेतला. तो दुसरा माणूस म्हणजे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बुटके, टक्कल पडलेले, रस्त्यात दोनदा भेटले तरी लक्षात राहू नयेत असे. घशासाठी सतत लवंग चघळायचे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर माझे ओठ बघत बघत ते माझ्या तोंडात आपले शब्द बसवायचे. तुझे ओठ तुझ्या बायकोपेक्षा मला जास्त पाठ आहेत, असं म्हणायचे. वाक्य नीट बसलं की माइकच्या दांड्यावर नखाने दोनदा टकटक करायचे. म्हणजे झालं, पुढचं घ्या.

अकरा सिनेमे मी त्यांच्या आवाजात बोललो. आईने त्यातला एक पाहिला, तिकडे, आमच्या गावात. फोनवर म्हणाली, “चेहरा तुझाच होता रे. पण बोलत होता तो कोण?” मी विषय बदलला.

मामांनी माझ्याकडे एकदाच काही मागितलं. तू दिग्दर्शक झालास की मला एकदा पडद्यावर आण, म्हणाले. एक वाक्य पुरे, पण माझ्या तोंडून. मी हो म्हटलं. पुढे त्याच अकरा सिनेमांच्या नावावर दिग्दर्शक झालो, सात सिनेमे केले. दर वेळी काही ना काही आड आलं. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा मला कुठेच नको होता. ते गेले तेव्हा माझं चित्रीकरण चालू होतं. मी फुलं पाठवली.

मला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं.

हा आठवा सिनेमा मी आईसाठी केला. तिचे डोळे पूर्ण गेले होते आणि डॉक्टरांनी तिच्याजवळ राहणाऱ्या ताईला सांगितलं होतं की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. आईला आता चेहऱ्याचा काही उपयोग नव्हता. म्हणून या सिनेमात मी स्वतः काम केलं, स्वतःच्या आवाजात, आमच्या भाषेत. एवढ्या वर्षांत माझी आमची भाषाही गंजली होती. तू बोलतोस ते कळतं, पण पाहुणा बोलल्यासारखं वाटतं, असं आई म्हणायला लागली होती. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. तरीही मला वाटत होतं की तिने एकदा, एकदाच, पडद्यातून माझाच आवाज ऐकावा आणि म्हणावं की हा माझा. बाकी त्या सिनेमाचं काहीही झालं असतं तरी चाललं असतं.

त्यात एक प्रसंग आहे. मुलगा फोन कानाला लावतो, श्वास घेतो आणि म्हणतो, “आई, मी बोलतोय.” पडद्यावर माझे खांदे वर जाताना दिसतात, पण आवाजात श्वास नाही. जुनी खोड. कॅमेरा जवळ आल्यावर मी नकळत प्रेत झालो होतो.

तो श्वास भरायला मी गेलो होतो. काचेपलीकडे आवाजाचं काम बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या. लाल दिवा लागला आणि माझा श्वास अडला. पुन्हा केलं, पुन्हा अडला. नऊ वेळा. मग बाईंनी कपाटातून एक टेप काढली. आवाज देणारे नट स्टुडिओत आपले उसासे, खोकले, हुंदके, श्वास एकदा भरून ठेवतात, म्हणजे तेवढ्यासाठी कोणाला पुन्हा बोलवावं लागत नाही. टेप मामांची होती.

बाई म्हणाल्या, “श्वासाला कुठे हेल असतो?”

श्वास चपखल बसला. माझ्या खांद्यांना, माझ्या नाकपुड्यांना, केसभरही इकडेतिकडे नाही. मी होकारार्थी मान हलवली. बाहेर पडताना खोलीत लवंगेचा वास आला, पण जुन्या स्टुडिओच्या भिंतींत काय काय मुरलेलं असतं. त्याच संध्याकाळी सिनेमाची एक प्रत ताईला पाठवून दिली. आईला दुसऱ्या दिवशी ऐकव म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा निरोप आला, येऊन जा. मी गेलो. त्यांनी तो प्रसंग लावला. श्वास आला. आणि मग मामांच्या आवाजात, “आई, मी बोलतोय.”

मामांना आमच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता.

“मी हात लावलेला नाही,” बाई म्हणाल्या. “तुमची शपथ…”

आम्ही तो श्वास काढून टाकला. आवाज तसाच राहिला. पुढची वाक्यं ऐकली, तीही मामांची. उच्चार इतके स्वच्छ की आमच्या गावातली माणसं बोलतात तसे. मला आठवलं, लहानपणी मीही असाच बोलायचो. मी बाईंना म्हटलं, पुसून टाका, मी आत्ता पुन्हा बोलतो. आत गेलो. दिवा लागला. मी वाक्य म्हटलं, माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला, हेलासकट. बाहेर आलो तर बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

“काचेतून बघितलं, तुम्हीच बोललात,” त्या हळू म्हणाल्या. “पण कानात आलं ते…”

स्पीकरमधून नखाचे दोन टोले वाजले, टकटक, आणि टेप आपोआप थांबली.

मला भीती वाटली नाही, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. टेबलावर पडल्यावर सुरुवातीला गार लागतं आणि मग काही लागत नाही, तसं झालं होतं. मनात एकच विचार आला, की आईकडे गेलेली प्रत तिने ऐकायला नको.

घरी येऊन फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळ असते. ताईने उचलला.

“पुन्हा?” ती म्हणाली. “आत्ताच तर ठेवलास.”

मी विचारलं, आईने सिनेमा ऐकला का. ताई म्हणाली, ऐकला की, तिला आजपर्यंत धीर कुठला, ते तर तुला कालच सांगितलं. काल रात्री, मग पहाटे, मग आत्ता, तीनदा फोन केलास, आई किती दिवसांनी उशीला टेकून बसली. प्रत पाठवल्यापासून मी एकदाही फोन केला नव्हता. तरी मी म्हटलं, आईला दे.

“आई,” मी म्हणालो. “मी.”

“कोण?”

“मी, आई… मी बोलतोय.”

“कोण बोलतंय हे?” आईचा आवाज घाबरल्यासारखा झाला. “ताई, अगं, बघ गं कोण आहे… कुणीतरी परका आहे.”

पुढे जे बोललो असतो ते परक्याचंच ऐकू गेलं असतं. तेवढ्यात फोनमध्ये कोणीतरी श्वास घेतला. माझा नव्हता. मी माझा रोखून धरला होता.

“आलास होय,” आई लगेच म्हणाली. तिचा सगळा सूर निवळला. “मधेच कोणी पाहुणा बोलत होता बघ.”

“आई, मी बोलतोय,” फोनमधला आवाज म्हणाला.

मग ती दोघं बोलली. पाऊण तास. तिची औषधं, ताईची कटकट, मी लहानपणी कौलावरून पडलो होतो ते. ते मामांना कधी सांगितलेलं मला आठवत नाही. आई हसली. तिला असं हसताना मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मला मत्सर वाटला. या सगळ्यात खरोखर वाटलं ते तेवढंच.

समोरच्या भिंतीवर आरसा होता. त्यात मी फोन धरून उभा होतो आणि माझे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाला, बरोबर जिथे हलायला हवेत तिथे. एकही अक्षर चुकत नव्हतं.

शेवटी आई म्हणाली, “ठेवतोस? ते कर ना, दर वेळेसारखं.”

फोनमध्ये दोनदा टकटक वाजलं. आई समाधानाने हसली आणि फोन बंद झाला.

ती नऊ दिवसांनी गेली. ताई म्हणाली, शेवटपर्यंत तुझ्याशीच बोलत होती, फोन कानावरून काढू देईना. त्या नऊ दिवसांत मी फोनला हात लावला नाही. मी बोललो असतो तर तिचा मुलगा गेला असता. सिनेमा लागला तेव्हा नावांच्या पाटीवर आवाज म्हणून मामांचं नाव घातलं. लोकांना वाटलं, मी जुन्या मित्राची आठवण ठेवली.

आता दिवा आणखी जवळ आणा. मघापासून तुम्ही माझ्या ओठांकडे बघताय, हे मला दिसतंय. पस्तीस वर्षं या देशात तोंड उघडलं की पहिल्या वाक्याला लोक विचारायचे, तुम्ही मूळचे कुठले. तुम्ही तासभर बसलात. तुम्हाला एकदाही हेल ऐकू आला नाही, तुम्ही विचारलं नाहीत.

आणि दचकू नका. टेबलावर आत्ता दोनदा वाजलं ते मीही ऐकलं. माझे दोन्ही हात मांडीवर आहेत.