निसटती मूठ

हेमराज भोळे आता पायजम्याला नाडी बांधत नाहीत. बांधली तरी चार पावलांत सुटते. त्यामुळे हुकाची पँट, पट्ट्याच्या चपला आणि गळ्यात साखळीला अडकवलेला फोन असा त्यांचा अवतार झाला आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत असे अवतार पुष्कळ दिसतात. लोक त्यांना ‘निसरडे’ म्हणतात आणि चार हात लांबून जातात.

भोळ्यांची उभी हयात कारखान्यात गेली, वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये हवा भरून पिशवी फुगवण्यात. पूर्वी दुकानदार बोटाला थुंकी लावून पिशवी उघडायचे. ती सवय मोडली ‘स्लिप’ने. स्लिप म्हणजे तेलातल्या मेदाम्लापासून केलेले अमाइड, मेणासारखी पांढरी भुकटी. प्लॅस्टिकच्या दाण्यांत ती चिमूटभर मिसळायची. पिशवी निवाली की रश्श्यावर तर्री यावी तशी ती सावकाश पृष्ठभागावर येते, आणि पिशवीला पिशवी चिकटत नाही. कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा हा गरीब पदार्थ.

पण पुरे म्हणेल तो माणूस कसला! स्लिप पुसली जाते म्हणून कोणा शहाण्याने ‘अक्षय स्लिप’ काढली. तिचा रेणू भेटेल त्या चरबीला आपल्यासारखे करून घेतो. पुसा, धुवा, ती पुन्हा हजर. माणसाच्या कातडीतही चरबी असते, हे त्या शहाण्याच्या लक्षात आले नाही. यंत्रावरच्या कामगारांच्या हातून आधी पाने-हातोड्या निसटल्या, मग चहाचे कप. मग त्यांनी ज्यांचे हात धरले, त्यांच्याही हातांतून वस्तू निसटू लागल्या. आपली सारी पकड घर्षणावर चालते. गाठसुद्धा बसते ती दोरा दोऱ्याला घासतो म्हणून.

मुलगी वृषाली बाळंत झाली तेव्हा भोळ्यांनी मनाशी ठरवले, नातीला हात लावायचा नाही. आज पाचवी होती. प्रसूतिगृहातल्या जाड काचेच्या अलीकडे ते उभे होते आणि वृषाली पलीकडून फोनवर बोलत होती. त्यांच्या शेजारी डॉ. इंदुमती नारखेडे होत्या. या रोगाचा माग काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्या गावोगाव फिरत, आणि भोळ्यांचे हात तपासता तपासता त्यांच्या चांगल्याच परिचयाच्या झाल्या होत्या.

“आप्पा, करदोडा काही राहत नाही हो हिच्या कमरेला,” वृषाली हसत म्हणाली. “मी दोनदा बांधला. दोरा नवा आहे ना, सुळसुळीत.”

भोळ्यांनी फोन छातीशी दाबला आणि डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी हळू आवाजात विचारले, घरून इथे काय काय आले?

काहीच नाही, भोळे म्हणाले. फक्त डिंकाचे लाडू. तेही शेजारच्या सिंधूताईंनी वळलेले, आपण हात लावला नाही. पिशवीसुद्धा मुद्दाम जुन्या मालातली दिली, अक्षय स्लिप येण्याआधीची, गोदामात पडलेली. सिंधूताईंनाच घ्यायला सांगितली. एवढी काळजी घेतल्याचा त्यांना केवढा अभिमान होता.

“गोदामात ती कशाखाली होती?”

“नव्या रोलांखाली,” भोळे म्हणाले.

“एका थरातून दुसऱ्यात ती उतरते, काका. साधी स्लिपही उतरते. आणि लाडवात तूप किती?”

बाळंतिणीच्या लाडवात तुपाचा हात कोणी आखडत नाही. तुपातून ती वृषालीच्या पोटात, पोटातून दुधात. दुधालाही स्निग्धता असते. रोज सकाळी एक लाडू खा, असे त्यांनीच तिला बजावले होते.

“तिला कळलेले दिसत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “अंगभर पसरून पकड जायला वेळ लागतो. मग एकदम जाते.”

पलीकडे वृषालीने आपले बोट बाळाच्या तळहातावर ठेवले होते. तान्हे मूल बोट असे आवळते की सोडवता सोडवत नाही. हिनेही मूठ मिटली, चांगली घट्ट. वृषालीचे बोट त्या मुठीतून सहज बाहेर आले. तिने पुन्हा ठेवले, बाळाने पुन्हा आवळले, बोट पुन्हा बाहेर आले. वृषालीला मौज वाटली. आजोबांनाही दाखवावे म्हणून तिने फोन पलंगावर टाकला आणि बाळाला उचलले.

“खाली ठेव,” भोळे ओरडले. “वृषे, तिला खाली ठेव.” डॉक्टर दाराकडे धावल्या. भोळे दोन्ही हातांनी काच बडवू लागले.

काचेतून शब्द पलीकडे जात नव्हते. नातीला पाहायला आप्पा किती उतावीळ झालेत, असे वृषालीला वाटले. ती काचेजवळ आली आणि त्यांना नीट दिसावे म्हणून तिने बाळाला दोन्ही हातांनी आणखी उंच धरले.