कुलूपकाका

तुम्ही हसाल, पण मला भूत भेटलं ते भर दुपारी, रुग्णालयाच्या तळघरात, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर.

आमच्या रक्तपेढीचा डेटाबेस आधी एक काका सांभाळायचे. यादीतली एक नोंद बदलायची असली तरी आधी सगळ्या यादीला कुलूप घालणार, लिहिलेली कमांड तीनदा वाचणार आणि मगच एंटर दाबणार. तोवर वरचे सगळे खोळंबलेले. म्हणून ते कुलूपकाका. सगळ्यात जास्त मीच चिडवायचे त्यांना. पण तीस वर्षांत त्यांच्या हातून एक नोंद हरवली नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चार महिन्यांपूर्वी ते गेले. डेटाबेसमधलं त्यांचं खातं मीच बंद केलं.

त्या दुपारी एक अर्धवट नोंद अडकली आणि रक्तदात्यांची यादी वर कुणालाच उघडेना. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, त्यात रक्तगट दुर्मिळ. सिस्टर धावत खाली आल्या.

"ताई, अर्धा तास आहे हातात. फार तर."

खालून सर्व्हरवरची नुसती यादी वाचून घेतली असती तरी भागलं असतं, पण घाईत सुचतं कुठे? मी थेट सर्व्हरला जोडून घेतलं. पत्ता, नाव, पासवर्ड. पासवर्डची अक्षरं तिथे उमटत नाहीत, आपण आंधळ्यासारखं टाइप करत राहायचं. यंत्रांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. ती नोंद काढून टाकायची कमांड लिहिली आणि एंटर दाबलं.

काहीच होईना. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"काय झालं...?" सिस्टर कुजबुजल्या.

"यादीला कुणीतरी कुलूप घातलंय."

दुसऱ्या खिडकीत पाहिलं, कोण कोण जोडलेलं आहे. दोनच नावं. एक माझं. दुसरं काकांचं... याच खोलीतून, याच कॉम्प्युटरवरून.

नजर वळली ती माझ्याच कमांडवर. नुसतंच 'काढून टाक' लिहिलं होतं. कोणती नोंद, ते लिहायचंच राहिलं होतं. कुलूप नसतं तर अकरा हजार रक्तदाते त्या क्षणी पुसले गेले असते. जुनी प्रत परत चढवायला तीन तास लागतात.

कमांड रद्द केली, धड लिहिली. या वेळी नोंद लगेच गेली. यादी उघडली, रक्तदाता सापडला, बाळंतीण वाचली. काकांचं नाव तोवर पडद्यावरून गेलं होतं. सिस्टर बघत होत्या, तरी मी हात जोडले.

तेव्हापासून अधूनमधून कुलूप लागलेलं असतं. मी घाबरत नाही. निमूटपणे कमांड पुन्हा वाचते, चूक सापडतेच, ती सुधारली की कुलूप निघतं.

आज सकाळपासूनही लागलंय. एका नव्या रक्तदात्याची नोंद घालायची आहे, एवढंच. कमांड पन्नासदा वाचली, सिस्टरांकडूनही वाचून घेतली. कमांडमध्ये तरी कुठेच चूक नाही... आणि काका काही कुलूप काढत नाहीत.

तो रक्तदाता वर बाकावर बसून आहे. घाई नाही म्हणतो.