खरं बोलणारी खोकी

तुळजापूरच्या स्टँडसमोर कोंडीराम शेठचं रेडिओ आणि स्पीकरचं दुकान होतं. त्या दुकानातून चांगुणाला स्वतःचाच आवाज ऐकू आला, तेव्हा तिचा एक पाय तामलवाडीच्या एसटीच्या पायरीवर होता. तिनं पाय खाली घेतला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघून गेली, आणि चांगुणा धुळीत उभी राहून ऐकत राहिली.

गाणं तिचंच होतं. बहात्तर साली तिची आई, सरुबाई, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या दिवसांवर चांगुणानं ते रचलं होतं. चार महिन्यांपूर्वी सोलापूरच्या एका कॅसेटवाल्यानं तिला बोलावून ते गाऊन घेतलं, आणि "बाई, तुमचा आवाज कॅसेटवर बसत नाही" म्हणून परतीचं तिकीट हातावर ठेवलं. तो न बसणारा आवाज आता भर दुपारी सगळ्या स्टँडवर पसरला होता.

ती तरातरा दुकानात शिरली. आत एक उंच, काटकुळा तरुण डोळे मिटून स्पीकरला कान लावून बसला होता. एका हातात तारांना डाग द्यायची सळई तशीच तापत होती.

"बंद करा ते."

त्यानं डोळे उघडले. "आवाज जास्त झाला का?"

"आवाज माझा हाय. बंद करा."

त्यानं मुकाट्यानं बटण दाबलं आणि कॅसेटचं कव्हर उचललं. कव्हरवर जरीकाठाची साडी नेसलेली भलतीच बाई हसत होती, खाली भलतंच नाव होतं. त्यानं फोटोकडं पाहिलं, मग चांगुणाकडं पाहिलं. आता हा हसणार, असं तिला वाटलं. हसला की काय बोलायचं तेही तिनं तयार ठेवलं.

"पुन्ना बोला जरा," तो म्हणाला.

"चेष्टा करताय व्हय?"

"न्हाय... वाक्य संपायच्या आधी तुमी एक श्वास घेता. आत्ता घेतला तसा. गाण्यात बी त्याच जागी हाय." त्यानं कव्हर पालथं ठेवलं. "आवाज तुमचाच हाय. फोटो खोटा."

भांडायला आलेल्या माणसावर समोरच्यानं एका दमात विश्वास ठेवला, तर त्यानं जावं कुठं? चांगुणाला सगळा राग परत गिळावा लागला. तो गिळताना डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा तिला आणखी राग आला.

"बसा. पाणी घ्या," तो म्हणाला. "मी बिभीषण. आपल्या जिल्ह्यातल्या वाशीकडचा. इथं दुरुस्तीला असतो."

"मला पाणी नको. मला माझं गाणं पायजे."

"मग घरी रेकॉर्ड करा. स्वतःच्या नावानं."

तो सहज बोलून गेला. चांगुणाच्या मात्र ते डोक्यात बसलं.

तामलवाडीच्या दूध सोसायटीत ती दूध तपासायला होती. बौद्ध वस्तीतली पोर दुधाला हात लावते म्हणून सुरुवातीला चार घरांनी नाकं मुरडली होती. पण तिनं लावलेला हिशोब कधी चुकला नाही आणि कुणाचं तोंड बघून तिनं कधी माप दिलं नाही, तेव्हा नाकं आपोआप सरळ झाली. त्या पगारातून तिनं जुना टेपरेकॉर्डर आधीच घेतला होता. माइक वस्तीतल्या भीमजयंतीच्या गायन पार्टीचा होता. अडचण एकच होती. टेपरेकॉर्डरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरवर काय चांगलं झालं न् काय बिघडलं, काही कळायचं नाही. सगळंच चिमणीच्या चिवचिवाटासारखं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा दुकानात आली. या वेळी कोंडीराम शेठ स्वतः गल्ल्यावर होते. त्यांनी लगेच कमरेएवढी दोन खोकी पुढं ओढली. जाळीमागं लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते.

"हे न्या. लग्नात लावलं तर भिंती हालतील."

"मला भिंती हालवायच्या न्हायत. ऐकायचंय."

"बाईमाणसाला यातलं काय कळतंय," शेठ हसत म्हणाले आणि आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

चांगुणाची कानशिलं तापली. मागून बिभीषण हळूच म्हणाला, "सांगितलं होतं ती कॅसेट आणली का?"

तिनं पोस्टकार्डानं आपली अडचण कळवली होती, त्यावर त्यानं उलट टपाली एवढंच लिहिलं होतं: ज्या आवाजाला तुम्ही जन्मापासून ओळखता, तो टेप करून आणा. तिनं आईला नकळत टेप केलं होतं. चुलीपुढं बसून सरुबाई शेजारणीला सांगत होती की औंदा विहिरीचा तळ दिसतोय आणि टँकरवाला आपल्या वस्तीकडं शेवटी येतो.

बिभीषणनं ती कॅसेट आधी मोठ्या खोक्यांवर लावली. सरुबाई घुमू लागली, जणू एखादा पैलवान रांजणात तोंड घालून बोलतोय. मग त्यानं कोपऱ्यातली दोन छोटी, रंगही न दिलेली लाकडी खोकी टेबलावर मांडली. जाड फळी, आत सहा इंची स्पीकर, बाकी काही नाही. त्यानं स्वतःच जोडलेली. तारा बदलल्या, बटण दाबलं...

चांगुणानं चटकन मागं वळून पाहिलं. आई मागंच येऊन बसली असावी, असं वाटलं तिला. चुलीच्या धुरानं मधूनच घसा खाकरणं, बांगडी तव्याला लागल्याचा बारीक आवाज, सगळं जागच्या जागी.

तिनं बिभीषणकडं पाहिलं. तो स्पीकरकडं बघत नव्हता. तिच्याकडंच बघत होता. नजर पकडली गेली तसा तो घाईनं तारा गुंडाळायला लागला.

"हे दिसायला काय न्हाय," तो पुटपुटला, "आन् गोड बी बोलत न्हायत. पण खरं बोलतात. मोठ्याच्या निम्म्या पैशात बसतील."

शेठनी नेमकं तेवढंच ऐकलं. "नाव बिभीषण ठेवलं तवाच तुझ्या बापाला कळायला पायजे होतं," ते कडाडले. "माझ्या घरात बसून माझंच घर बुडवतोस व्हय रं."

"त्यांना जे लागतंय ते सांगितलं, शेठ."

चांगुणानं छोटी खोकी घेतली.

बसवायला तो दुसऱ्या रविवारी तामलवाडीला आला. दोन्ही खोकी त्यानं मांडीवर घेऊन एसटीतून आणली होती. घर पत्र्याचं, एका खोलीचं. त्यानं खोकी भिंतीपासून हातभर पुढं ओढली, विटांवर ठेवून कानाच्या उंचीला आणली, सुतळीनं अंतर मोजून समोर पोतं अंथरलं. "हितं बसायचं. दोन्हीकडनं सारखं अंतर पडतंय." सरुबाईनं त्याला चहा दिला. तो कपबशी दोन्ही हातांत धरून प्याला, ते तिनं बघून ठेवलं.

मग चांगुणानं आठवडाभर खपून केलेलं रेकॉर्डिंग लावलं.

आवाज ऐकून तिचा चेहरा उतरला. ढोलकी गळ्यावर चढून बसलेली, प्रत्येक 'प' ला फटाका फुटल्यासारखा, आणि सगळ्याच्या वर एक खडखड. टेपरेकॉर्डरवर हेच गाणं तिला झकास वाटलं होतं.

"हे काय आणून बसवलंत घरात?"

"स्पीकरनं काय केलं न्हाय. जे भरलंय तेच..."

"म्हंजी माझंच वाईट?"

तो वाकून एका खोक्याची तार पुन्हा घट्ट करू लागला. खोटं बोलला असता तरी चाललं असतं, असं त्या क्षणी तिला वाटलं. सोलापूरचा म्हणाला आवाज बसत नाही, आणि हा घरात येऊन तेच दाखवतोय.

"उचला ही खोकी आन् जावा."

तो उठला. खोकी मात्र उचलली नाहीत. दारातून वळून म्हणाला, "गळ्यात काय खोट न्हाय तुमच्या. मी उगं न्हाय सांगत." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातला आबाराव सोसायटीत दूध घालायला आला. तिनं त्याच्या दुधात पाणी तपासायचा लॅक्टोमीटर सोडला. तो हवा त्याहून खाली बुडाला.

"आबाकाका, पाणी हाय."

"तुझी काचंची नळी खोटी हाय, पोरी."

"नळी कुणाचं तोंड बघून बोलत न्हाय, काका. जे भरलंय तेच दावती."

बोलून गेली, आणि चांगुणा तिथंच थांबली. हे वाक्य काल तिला कुणी ऐकवलं होतं ते आठवलं. आबाराव निघून गेला तरी ती नळी हातात धरून उभी होती. स्वतःवरच चिडायची तिला सवय नव्हती. दुपारी तिनं पोस्टकार्ड लिहिलं. त्यात माफी नव्हती. फक्त एवढंच होतं: 'पत्रे खडखडतात. काय करावं?'

तो आला. येताना हसू लपवायची त्याला खटपट करावी लागत होती.

"हसायचं असंल तर हसा."

"न्हाय. जीव प्यारा हाय मला."

तिलाच हसू फुटलं.

पत्र्याखाली त्यांनी वस्तीतल्या गोधड्या टांगल्या. ढोलकीवाल्याला दाराशी बसवलं. माइक तोंडासमोरून जरा बाजूला सरकवला, तसा 'प' चा फटाका थांबला. एक ओळ भरायची, पोत्यावर शेजारी बसून ऐकायची, पुसायची, पुन्हा भरायची. पोतं एकच होतं आणि ऐकायची जागाही एकच. त्याचं मनगट कधी तिच्या मनगटाला लागायचं, मग दोघंही स्पीकरकडं जास्तच लक्ष द्यायचे.

"हे कडवं कसं वाटतंय?" ती विचारायची.

"दुसरं बरं होतं."

"कधीतरी झकास म्हणत जावा की."

"म्हणंन. झालं की म्हणंन."

सहाव्या रविवारी 'खडी फोडली आईनं, रस्ता साऱ्या गावाचा. पाटीवरती नाव कुणाचं, घाम तिच्या जिवाचा' ही ओळ संपली, तेव्हा त्यानं टेप मागं घेऊन ती पुन्हा एकदा ऐकली. मग मान खाली घालून म्हणाला, "झकास." त्या एका शब्दानं चांगुणाला रात्रभर झोप आली नाही.

जयंतीला कॅसेट निघाली. कव्हरवर फोटो नव्हताच, मोठ्या अक्षरात तिचं नाव होतं. तुळजापुरात, नळदुर्गात वस्त्यावस्त्यांतून ती वाजू लागली. सोलापूरच्या कॅसेटवाल्याचा माणूस विकत मागायला आला, तेव्हा चांगुणानं त्याला सांगितलं, "माझा आवाज तुमच्याकडं बसत न्हाय," आणि दार लावून घेतलं.

पण जयंतीनंतरच्या रविवारी बिभीषण आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी तिनं उगीच दोन्ही खोकी पुसली. त्यानंतर पाठवलेल्या पोस्टकार्डाचं उत्तर आलं नाही, आणि चौथा रविवारही तसाच गेला. सोमवारी तिनं सोसायटीत रजा टाकली आणि पहिल्या एसटीनं तुळजापूर गाठलं. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर तिचा राग वाढत गेला.

शेठ अजून आले नव्हते. बिभीषण दुकानाच्या फळ्या उघडत होता.

"हात मोडला का?"

"न्हाय," तो दचकून म्हणाला.

"मग पत्र का न्हाय? आजारी होता?"

"न्हाय."

"लगीन ठरलं?"

"न्हाय ओ." त्यानं फळी भिंतीला टेकवली. "तुमच्या सोसायटीचे दोघं जण आलते हितं. म्हणले, धनगराचं पोरगं दर रविवारी आमच्या गावात कशाला येतंय. असंच चाललं तर त्या बाईला कामावरनं काढू. मी म्हणलं... आपल्यापायी तुमचं काम जायला नको."

चांगुणानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग बोलायला लागली तर थांबेना.

"माझं काम म्या मिळवलंय. टिकवायचं का घालवायचं ते म्या बघंन. त्यांनी येऊन सांगितलं आन् तुमी ऐकलं? मला विचारलं? त्या सोलापूरवाल्यानं माझं गाणं मला न विचारता दुसरीला दिलं. तुमी माझा रविवार मला न विचारता त्यांना देऊन टाकला. त्याच्यात न् तुमच्यात फरक काय सांगा."

त्याचा चेहरा पडला. "चुकलं."

"चारी रविवार म्या दाराकडं कान लावून बसले. एसटी थांबली की उठायची. ऐकायला बसलं तर बाजूला कुणी न्हाय. आई इचारती, कुणाची वाट बघती गं. काय सांगू तिला?" तिचा आवाज फाटला, तसा तिनं तो दाबून पुन्हा लावला. "तुमी मला पायजे हायत. कळलं का? आन् हे बी म्याच बोलायचं, तुमी नुसतं ऐकायचं."

बाहेर स्टँडवर सोलापूरची गाडी लागली. यात्रेकरू उतरले, हलगी वाजली. बिभीषणला त्यातलं काही ऐकू आलं नसावं.

"मला बी," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं. तुमी 'बंद करा' म्हणला तवापासनं. बोलायची हिंमत न्हाय झाली... माझा बाप कबूल व्हायचा न्हाय लवकर. शेठ हाकलतील. मेंढरं, मजुरी, काय बी करावं लागंल."

"करू. मला दगडाधोंड्याचं भ्या न्हाय."

तो फळ्या तशाच सोडून तिच्यापुढं आला. मग पहिल्यांदाच, कुठल्याही तारेचं निमित्त न काढता, त्यानं तिचा हात हातात घेतला. हात खरखरीत होता, डाग लागून भाजलेला. चांगुणानं तो घट्ट धरला.

"मग आईला कसं सांगायचं?" त्यानं हळूच विचारलं. "मी येऊ सांगायला?"

"आईला म्या सकाळीच सांगून आले," चांगुणा म्हणाली. "तिनं दोन भाकरी जास्त थापल्यात. चला."