रागाचा उच्चार

"असं टक लावून काय बघताय तोंडाकडं? घरी आया-बहिणी नाहीत का तुम्हाला?"

साताऱ्याच्या मोटारस्टँडवर, चार माणसांच्या देखत, विजयमालानं हे खणखणीत आवाजात विचारलं. सांगलीहून आलेली सर्व्हिस मोटार अजून धूर सोडत उभी होती. पौषातलं बोचरं वारं सुटलं होतं. ट्रंक पायाशी ठेवून तिनं समोरच्या खाकी कोटवाल्या माणसाला एवढंच विचारलं होतं, की इंग्रजीच्या शिक्षकांचा वर्ग भरतो ती शाळा कुठं आहे. आणि तो माणूस उत्तर द्यायचं सोडून तिच्या ओठांकडं बघत राहिला होता — अगदी एकाग्र, पोथी वाचावी तसा!

"आहेत की," तो शांतपणे म्हणाला. "आई आहे, दोन बहिणी आहेत. पण 'वर्ग' म्हणताना असा 'व' त्यांच्यातल्या कुणीच म्हणत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... चांगला आहे." तो हसला. गालावर जुन्या जखमेचा व्रण होता, तोही हसल्यासारखा वाटला. "राजवाड्याकडं सरळ जा. डाव्या हाताला दगडी शाळा लागंल."

विजयमालानं ट्रंक उचलली आणि तरातरा चालू लागली. निर्लज्ज! चांगला 'व' म्हणे!

विजयमाला मूळची आटपाडीची. वडील हंबीरराव पहिल्या महायुद्धातले पेन्शनर शिपाई. "पोरीनं शिकून काय दिवे लावायचे?" असं सगळी भावकी विचारत असताना त्यांनी तिला सांगलीला ठेवून बी.ए. केलं. आता सांगलीत, लीलाबाई मुख्याध्यापिका असलेल्या मुलींच्या शाळेत ती इंग्रजी शिकवत होती. पण शाळा चालवणाऱ्या संस्थेनं नियम काढला — साताऱ्याच्या वर्गाचं प्रमाणपत्र असेल त्यालाच यापुढं इंग्रजी शिकवता येईल. म्हणून महिनाभराची रजा घेऊन ती आली होती. प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर आटपाडीला परत. तिथं भावकी स्थळं घेऊन टपलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात खाकी कोट पुन्हा दिसला. फळ्याजवळ!

"हे नाथाजी माने," वर्गाचे प्रमुख नानासो म्हणाले. "म्हसवडचे. फौजेत शिपायांना इंग्रजी शिकवायचे. ते तुम्हाला उच्चार शिकवतील."

विजयमालाच्या कानशिलाला आग लागली.

नाथाजी खडू हातात घेऊन म्हणाला, "आपल्या मराठीत 'व' एकच. इंग्रजीत दोन. एकाला ओठ गोल करायचे, दिव्यावर फुंकर घालताना करतो तसे. वॉटर. दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. व्हेरी. राग आला की माणूस ओठ चावतो ना, तसं." मग त्यानं पहिल्या बाकाकडं पाहिलं. "आटपाडीच्या बाईंना हा उच्चार लगेच जमंल."

वर्ग खो खो हसला. विजयमालाचा खालचा ओठ खरंच दातांखाली होता! तिनं तो झटकन सोडवला आणि मनातल्या मनात त्या माणसाला आटपाडीच्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

पण शिकवायचा मात्र छान. हे तिला कबूल करावं लागलं, आणि त्याचाही तिला राग आला. तो म्हणायचा, पोर शाळेत येतं ते एक अख्खी भाषा घेऊन येतं. त्याची इंग्रजीतली चूक म्हणजे मठ्ठपणा नव्हे, ती त्याच्या घरच्या भाषेतून आलेली असते. आमचा शिपाई 'इस्टेशन' म्हणायचा, कारण त्याच्या गावात विस्तवाला 'इस्तू' म्हणतात, विश्वासाला 'इस्वास' म्हणतात. चूक कुठून आली ते बघा, मग ती दुरुस्त करायची वाट सापडते.

नानासोंना हे पटत नसे. ते विलायत पाहून आलेले, डायरेक्ट मेथडवाले. वस्तू दाखवा, इंग्रजी नाव सांगा. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारायचा नाही. वर्गात एखाद्याच्या तोंडून 'न्हाई' किंवा 'लय' निघालं, की ते भुवया उडवून त्याची नक्कल करत आणि सगळ्यांना हसायला लावत. आपली बोली म्हणजे काही लपवायची गोष्ट आहे का, असं विजयमालाला ओरडून विचारावंसं वाटे. पण प्रमाणपत्र त्यांच्याच सहीचं होतं.

संध्याकाळी ती राजवाड्यासमोरच्या तळ्याकडं फिरायला जायची. नाथाजीही यायचा. कसा कोण जाणे, रोजच यायचा.

"तुम्ही माझ्या मागावर असता काय हो?"

"छे! मी आधी येतो, तुम्ही मागनं येता."

"मी? मी कशाला येऊ?"

"ते मी कसं सांगू... तुम्हीच सांगा."

आणि पुन्हा ते टक लावून बघणं. चालताना तर तो मुद्दाम वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला यायचा. का, ते कधी सांगायचा नाही. ती चिडायची, पदर सावरायची, उद्यापासून येणार नाही म्हणायची — आणि दुसऱ्या दिवशी निघताना वेणीत शेवंती माळायची. त्या शेवंतीचासुद्धा तिला राग यायचा.

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती. प्रत्येक शिक्षकानं इंग्रजी पहिलीच्या मुलींना एक पाठ द्यायचा. मागच्या बाकावर नानासो आणि त्यांच्या उजव्या हाताला नाथाजी, असे दोघं परीक्षक.

विजयमालानं पाठ घेतला, 'माझ्याजवळ अमुक आहे' हे इंग्रजीत कसं म्हणायचं याचा. फुलं दाखवली, पेन्सिल दाखवली. "आय हॅव अ फ्लॉवर. आय हॅव अ पेन्सिल." मुली म्हणू लागल्या. मग तिनं विचारलं, भाऊ कुणाकुणाला आहे?

मनुबाई नावाची एक बारकी मुलगी केव्हाची हात वर करून जागच्या जागी उड्या मारत होती. माहुलीकडच्या माळ्याची पोर. पाच बहिणींच्या पाठीवर तिला नुकताच भाऊ झाला होता, आणि ही बातमी तिच्या पोटात मावत नव्हती. ती ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "मी ब्रदर इज!"

मागून नानासोंचं हसू फुटलं. "वा! मी ब्रदर इज! म्हणजे तू स्वतःच भाऊ आहेस होय गं?" आणि मग बाकीच्यांकडं वळून, तिच्याच सुरात, नाक मुरडून, "आमी बी ब्रदर हाय, आमी बी लय ब्रदर हाय!"

शिक्षक हसले. साहेब हसले म्हणून हसले. मुलीही हसल्या. मनुबाई उभीच राहिली. तिचा वर केलेला हात हळूहळू खाली आला, आणि डोळे भरून आले.

विजयमालानं नाथाजीकडं पाहिलं. तो हसत नव्हता. पण बोलतही नव्हता. खाली मान घालून गुण लिहीत होता. काहीच झालं नाही असा!

मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खडू ठेवला, मनुबाईच्या बाकापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या आटपाडीच्या भाषेत म्हणाली,

"मने, भाऊ कवा झाला गं तुला?"

पोरीनं हुंदका गिळला. "परवादिशी."

"मंग रडतीस कशाला? किती आनंदाची गोष्ट हाय! आपण म्हनतो, 'मला भाऊ हाय.' इंग्रजीत 'मला'ला 'मी' म्हनत्यात; तू त्येच सबूद इंग्रजीत ठिवलंस. तुजं डोकं बराबर चाललंय. फकस्त इंग्रज मानूस जरा येगळं म्हनतो. त्यो 'मला' म्हनत न्हाई, 'आय' म्हनतो, आन जे असंल ते आपल्या हातात धरतो. फूल कसं धरलंवतं? तसा भाऊ धर बघू."

मनुबाईनं दोन्ही हातांची झोळी केली. त्यात कुणीतरी निजलंय असं बघितलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आय हॅव अ ब्रदर. ही इज... लय स्मॉल."

आता वर्ग हसला, पण ते हसू वेगळं होतं. मनुबाईही त्यात होती.

"थांबा!" नानासो उठले. "इंग्रजीच्या तासाला मराठी, आणि तीही असली! बाई, तुम्हाला प्रमाणपत्र मिळणार नाही."

"नको मला!" विजयमाला म्हणाली. "पोरीच्या तोंडची भाषा काढून घ्यायची आणि वर तिला हसायचं, ह्याला शिकवणं म्हणत असतील, तर ते तुमचं तुम्हाला लखलाभ!"

शाळेमागच्या चिंचेखाली नाथाजीनं तिला गाठलं.

"पाठ एवढा छान घेतलात, आणि शेवटी नानासोंशी का भांडलात?"

"मी का भांडले?" तिचा आवाज कापत होता. "ते त्या लेकराची टर उडवत होते आणि तुम्ही मान खाली घालून बसलात! रोज तळ्याकाठी मोठमोठ्या गोष्टी सांगता. अख्खी भाषा घेऊन येतं म्हणे पोर! साहेबापुढं कुठं गेली ती भाषा? भित्रे आहात तुम्ही, भित्रे!"

तो तिच्या तोंडाकडं बघत होता. नेहमीसारखाच. "काय म्हणाले ते?"

"आता वेड पांघरू नका. हातभर अंतरावर होतात!"

"त्यांच्या उजव्या हाताला होतो. म्हणजे माझा डावा कान त्यांच्याकडं होता." त्यानं गालावरच्या व्रणाला बोट लावलं. "तो कान इटलीत राहिला, विजयमालाबाई. तोफगोळा पडला, गाल फाटला, कान गेला. उजव्यानं ऐकू येतं, पण गलका झाला की तोही गोंधळतो. मग मी ओठ बघतो... स्टँडवर मोटार घरघरत होती. तुम्हाला वाटलं ते... म्हणजे पहिल्या दिवशी तरी तसं नव्हतं."

तळ्याकाठचा तो वळसा आता विजयमालाच्या ध्यानात आला. "सांगितलं का नाहीत?"

"बहिऱ्याला उच्चार शिकवायला कोण ठेवील? आता सांगा. शब्दन् शब्द सांगा, काय म्हणाले ते."

तिनं सांगितलं. नाथाजीचा गोरा चेहरा काळवंडला. तो वळला आणि थेट नानासोंच्या खोलीत शिरला. दार उघडंच होतं.

"साहेब, आज मी या वर्गातला सगळ्यात चांगला पाठ पाहिला. त्याला तुम्ही नापास केलंत. आणि त्या पोरीला जे बोललात, ते ऐकू आलं असतं तर मी तिथंच उठलो असतो."

"ऐकू आलं असतं तर? म्हणजे?"

नाथाजीनं डाव्या कानाला हात लावला. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

मग नानासोंचा थंड आवाज आला, "बहिरा माणूस उच्चार शिकवतोय! माने, उद्यापासून येऊ नका."

तो बाहेर आला तेव्हा विजयमाला दारातच उभी होती, पुन्हा लालबुंद.

"कुणी सांगितलं होतं ही चाकरी घालवायला? मी मागितलं होतं का? माझ्यासाठी कुणी उपकार केलेले मला आवडत नाहीत!"

"तुमच्यासाठी नव्हतंच ते. मनूसाठी होतं."

"अस्सं?" तिला ते लागलं, आणि लागलं याचा जास्तच राग आला.

"तुमच्यासाठी वेगळं बोलायचं होतं..." तो म्हणाला. "पण ते असं दारात नाही. आणि आता तर... बिनचाकरीचा माणूस काय बोलणार?"

आणि बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीची मोटार सुटेपर्यंत विजयमाला खिडकीतून बघत राहिली. खाकी कोट आला नाही. ती कराडपर्यंत त्याच्यावर चिडली होती, आणि कराडच्या पुढं स्वतःवर.

सांगलीत लीलाबाईंना तिनं सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "प्रमाणपत्राचं संस्थेपुढं मी बघते. वर्षभर तरी तुला कुणी काढत नाही. तू वर्गावर जा." ती गेली. मुली 'इस्कूल' म्हणाल्या की ती चिडत नसे. त्यांच्या घरी काय म्हणतात, ते आधी विचारी. तेवढं एक सोडलं तर ती सगळ्या जगावर चिडलेली होती. पोस्टमनवर तर रोजच.

चैत्रातल्या एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात फेटेवाले हंबीरराव उभे दिसले. आणि त्यांच्या पाठीशी, इस्त्री केलेल्या खाकी कोटात, नाथाजी.

"आबा! तुम्ही? आणि हे..."

"आगं, हे पावनं आटपाडीला घरी आलं हुतं," हंबीरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "रीतीनं मागनी घातली. पल्टनीतलं मानूस हाय. आता मिरजंला, लढाईवरनं सुटून आलेल्या शिपायांस्नी शिकवायचं काम घावलंय म्हनत्यात. मला तर मानूस लय आवडलं. म्हनलं, तुजा इचार घ्यावा."

"माझा विचार? आता?" विजयमाला कडाडली. वर्गातल्या मुली खिडकीत गोळा झाल्या. "इतके दिवस ना चिठ्ठी ना चपाटी! मी इथं एक एक दिवस कसा... आणि हे महाशय मला न विचारता आधी तुम्हाला विचारून मोकळे! मी काय आटपाडीच्या बाजारातली शेरडी आहे? मला विचारायला काय जिभेला फोड आला होता?"

"बिनचाकरीचा कसा विचारणार होतो?" नाथाजी म्हणाला. "आणि तुमचे आबा नाही म्हणाले असते, तर तुमचं मन उगीच..."

"माझ्या मनाचं माझं मी बघेन! विचारा. आत्ता. इथं."

नाथाजीनं खिडकीतल्या मुलींकडं पाहिलं, फेटेवाल्या सासऱ्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले, दोन्ही. "इंग्रजीत विचारू, का मराठीत?"

"घरात आईशी बोलता, त्यात."

तो पुढं आला. फौजेतला, शाळेतला सगळा रुबाब उतरला आणि साधा म्हसवडचा पोरगा बोलला, "माज्यासंगं जलमभर ऱ्हाशीला का? मला दुसरं काय बी नगं."

विजयमालाच्या पापण्या खाली आल्या. "मी शिकवणं सोडणार नाही," ती म्हणाली.

"सोडा म्हनलं, तर मला हाकलून द्या."

"आणि कुणी पोरांची टर उडवली तर मी भांडणार. तुमच्या साहेबाशीसुद्धा. प्रत्येक वेळी."

"मी बी येतो संगं."

खिडकीतून हसू फुटलं. विजयमालानं तिकडं डोळे वटारले, पण ते नीट जमले नाहीत. ती वडिलांकडं वळली. "आबा, म्हसवडला कवा जायाचं त्यांच्या आईला भेटाया?"

हंबीरराव बघतच राहिले. "आत्ता गं! आन एवढा राग आला हुता, त्येचं काय झालं?"

"राग हाय की अजून," ती म्हणाली. "त्यो संगं घिऊनच जानार हाय मी."