मऊ तळव्याचे बूट

"हा बूट तुम्ही शिवलाय?"

मी तो बूट त्याच्यासमोर ठेवला. खरं तर आपटलाच. बाहेर पाऊस कोसळत होता, माझ्या छत्रीचं पाणी त्याच्या दुकानभर ओघळत होतं, आणि समोरचा कारागीर ओठांत चार खिळे धरून माझ्याकडे टकमका बघत होता.

त्याने एकेक खिळा काढून डबीत टाकला. मग बूट उचलून आत बोटं फिरवली.

"मीच शिवलाय. का, चावला?"

"चावला? बाईंच्या टाचेला एवढी जखम झालीय!"

"मग लगेच परत आणायचा की. बूट चावला तर माणूस ओरडतो. त्या का नाही ओरडल्या?"

"कारण त्यांना कळलंच नाही."

त्याने आतली शिवण पुन्हा चाचपली.

मी नर्स आहे. चर्चच्या सभागृहात दर मंगळवारी आणि गुरुवारी मी पायांचा दवाखाना चालवायचे. मधुमेहाने पायांची जाण गेलेली माणसं तिथे यायची. बुटात खडा शिरला तरी त्यांना पत्ता लागत नाही. मोजा रक्ताने चिकटला की मगच कळतं. या बाई माझ्या शाळेतल्या शिक्षिका. कितीतरी वर्षांनी हौसेने नवे बूट घेतले होते त्यांनी.

"त्यांचे पाय मला बघता येतील?" त्याने विचारलं.

मी भांडायची पूर्ण तयारी करून आले होते.

"गुरुवारी. नऊला. आणि... हात स्वच्छ धुऊन या."

"तुम्ही नेहमीच असं बोलता, की आज पाऊस आहे म्हणून?"

"पाऊस नसला की जास्त बोलते."

गुरुवारी तो पावणेनऊलाच दारात उभा. केस चापून बसवलेले, हात घासून लाल केलेले, तरी नखांत काळं पॉलिश होतंच. बाईंसमोर गुडघे टेकून बसला आणि कागदावर त्यांचं पाऊल आखू लागला – इतक्या हळू, की बाई म्हणाल्या, "अरे, गुदगुल्या होत असत्या तर हसले असते मी."

दहा दिवसांनी तो नवे बूट घेऊन आला. मऊ तळवा, रुंद पुढा, आत एकही शिवण नाही. बाई सभागृहभर फिरल्या. मग सगळ्यांनाच तसले बूट हवे झाले आणि कारागीर दर गुरुवारी येऊ लागला. हळूहळू मंगळवारीसुद्धा.

"मंगळवारी कोणाचं माप घ्यायचंय?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"अजून ठरलं नाही," तो कागदांच्या गुंडाळीकडे बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

आमच्याकडे एक मास्तर यायचे. निवृत्त स्टेशनमास्तर. पायांना जेवढ्या जखमा, त्याहून जास्त त्यांची जीभ करायची. एकदा हात बुडवून बघितला आणि पाणी गार आहे म्हणून त्यांनी घमेलं लाथाडलं. मी चिंब भिजले. पदर पिळला, दुसरं पाणी आणलं आणि पुन्हा त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"तुम्हाला राग येत नाही?" नंतर कारागिराने विचारलं.

"येतो ना. खूप."

"मग?"

"मग मनात म्हणते, प्रभू, या एका पायापुरता धीर दे. पुढच्या पायाचं पुढे बघू."

तो हसला... आणि हसता हसता थांबला. मग खाली बघत सांगू लागला. धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, हा आठ दिवस त्याच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होता. नवव्या दिवशी भाऊ गेला. तेव्हापासून त्याने उपासनेला पाऊल टाकलं नव्हतं.

"तुमचा प्रभू ऐकतो म्हणता. माझं का नाही ऐकलं?"

पाठ केलेलं काहीतरी सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "माझे बाबा गेले तेव्हा मीही विचारलं होतं. उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. आमचे साचलेले कपडे धुतले, वाळत घातले आणि गेल्या. मला वाटलं, तो येत असेल तर असाच येत असेल. म्हणून मी हे करते."

त्याने घमेलं उचललं आणि बाहेर जाऊन स्वच्छ घासून आणलं.

त्याच महिन्यात वादळ झालं आणि सभागृहाचं अर्धं छप्पर उडालं. दुरुस्ती होईपर्यंत कोणालाही आत सोडता येणार नाही, असं चर्चच्या पाळकांनी जड मनाने सांगितलं. आई म्हणाली, "अगं, थोडी विश्रांती घे आता."

"आई, जखमा विश्रांती घेतात का?"

पण जागा कुठे होती? भर पावसात मी दारोदार विचारत फिरले. संध्याकाळी दमून कारागिराच्या दुकानापाशी आले, तर काचेचं कपाट रस्त्यावर, लग्नाचे चकचकीत बूट पोत्यात, आणि तो आतली जमीन पुसत होता.

"पुढची बाजू रिकामी केलीय," तो म्हणाला. "चार खुर्च्या बसतील. पाचवी बसवली तर मला तुमच्या शेजारी उभं राहावं लागेल."

"...पाचवी बसवा."

हे बोलून मीच इतकी गोंधळले, की छत्री तिथेच विसरले.

दोन महिने दवाखाना तिथे चालला. नेहमीची गिऱ्हाइकं नाक दाबून परत जाऊ लागली. शेजारच्यांनी कुरकुर केली. घरमालकाने बजावलं, एक तर बूट ठेवा नाही तर जखमा. मी त्याला म्हटलं, मी दुसरीकडे जाते. तर तो उखडलाच.

"इतकी भांडकुदळ आहेस आणि आताच माघार?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. दोघांच्याही ते लक्षात आलं. मी पट्ट्या मोजायला लागले, त्या आधीच मोजलेल्या असूनसुद्धा.

मग एका गुरुवारी मास्तर आले नाहीत. दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर एकटेच, तापाने फणफणलेले, आणि पायाचं एक बोट काळं पडलेलं. इस्पितळाचं नाव काढताच शिव्या सुरू झाल्या.

कारागीर खाली बसला, पाठ पुढे केली. "मास्तर, शिव्या वाटेत द्या. आधी बसा."

तिन्ही मजले तो त्यांना पाठीवर घेऊन उतरला. मास्तर त्याच्या डोक्यावर बुक्क्या मारत होते. मी पुढे रिक्षाला हात करत धावत होते आणि रडत होते.

ऑपरेशन झालं. बोट गेलं, पाय वाचला, माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. मास्तरांना खोलीत आणून निजवलं आणि आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसलो.

"घरमालकाने दुकान सोडायला सांगितलंय," तो शांतपणे म्हणाला.

"माझ्यामुळे..."

"ऐक तर. मागच्या गल्लीत जागा बघितलीय. खाली दोन खोल्या. एकीत बूट, एकीत पाय."

"आणि राहणार कुठे?"

"वर एक खोली आहे. खिडकी मोठी आहे. फक्त... एकट्याला ती खोली फार मोठी होते."

मी त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मला तुझ्यासारखी प्रार्थना येत नाही," तो म्हणाला. "अजून रागही आहे माझा. पण तू पाय धुतेस तेव्हा वाटतं, ज्याच्यासाठी तू हे करतेस तो खोटा नसावा. तुला चालेल असा माणूस?"

"राग धरतोस म्हणजे त्याच्याशी बोलतोच आहेस की," मी म्हणाले. "चालेल. पण नव्या जागेत नळ माझ्या खोलीत हवा. आणि रविवारी उपासनेला तू माझ्या शेजारी बसायचंस. गायला नको. नुसतं बसायचं."

"बसेन," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला.

इतक्यात आतून खरखरीत आवाज आला, "झालं का ठरवून? बोट गेलंय माझं, कान नाही! पाणी द्या कोणीतरी!"

आम्ही दोघंही हसत आत धावलो. मी त्यांचं डोकं उचललं, त्याने पेला धरला. पाणी पिऊन मास्तरांनी डोळे मिटले.

"प्रार्थना करा आता," ते पुटपुटले. "घाबरलो होतो मी."

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी कारागीरच बोलू लागला. "प्रभू..." म्हणाला आणि अडला. मास्तरांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं. मी वाट बघत राहिले.

"प्रभू, मी आलोय," तो म्हणाला.