उकळलेला डोह

दोन हजार सहा सालची गोष्ट. धान कापून झालं होतं आणि कामठ्यात सगळीकडे तणसाचा वास भरून होता. ओमेश्वरी सकाळी पीठ दळायला गिरणीत गेली, तिथं दवनीवाड्याची प्रेमिला भेटली. गोंदियाच्या कंप्युटर क्लासातली मैत्रीण. गिरणीच्या खडखडाटात ती कानाशी वाकून म्हणाली, "टिकेश गेला वो... डोहाचं पानी उकळून राहिलं होतं म्हनतेत. मासे शिजून वर आले..."

ओमेश्वरीनं डबा डोक्यावर घेतला. रडू आलं नाही. पीठ ऊन होतं, तेवढंच कळत होतं.

उकळलं कशानं, ते तिला ठाऊक होतं. तिच्या कुळात माणूस वयात आला की त्याला दुसरं अंग फुटे. लांबलचक सर्पाचं, पंखांचं, घशात आग असलेलं. टिकेशचं कुळ वैनगंगेच्या डोहातलं. ते शिंगांचे सर्प, थंड रक्ताचे. दोन्ही कुळांत पिढ्यान् पिढ्या वैर. तरी क्लास सुटला की ही दोघं बसस्टँडवर बसत. हात हातात घेतला की चर्र होऊन वाफ निघे, आणि दोघं हसत.

घरी तिचा बाप डोमनलाल बाजेवर उघडा बसला होता. माय त्याच्या पाठीवरच्या फोडांना हळद लावत होती.

"बाबूजी, तुमीच?"

"हो." त्यानं मान वर केली नाही. "त्याच्या घरी गेली असतीस त विझली असतीस, पोरी."

"तो लढला?"

"नाही... माह्याच वाटेकडं पाहून राहिला होता जसा."

"जेवून घे," माय म्हणाली. ओमेश्वरी जेवली. ताट पुसून जेवली. चव लागली नाही.

दुपारी ती बसनं दवनीवाड्याला गेली, तिथून पायी डोहावर. आगीच्या कुळातल्यानं पाण्यात उतरलं की तो मरतो, हे तिला लहानपणापासून सांगितलेलं. ती उतरली. दुसरं अंग धरलं, पंख भिजून जड झाले, घशातली आग बारीकसा आवाज करून विझली. ती मरायची वाट पाहत राहिली. मरण आलं नाही.

तळाशी गाळात टिकेशची कात पडली होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत उकललेली, रिकामी. देह कुठंच नव्हता.

दिवेलागणीला ती घरी आली, ओल्या केसांनी.

"तो तिथं नाही, बाबूजी."

"नाही कसा? मी सोता..." डोमनलालला ठसका लागला. तोंडावर धरलेल्या बोटांतून पाणी आलं. गाळाचा वास असलेलं, नदीचं. ठसका थांबेना. ओमेश्वरीनं बादली आणून त्याच्या हनुवटीखाली धरली. कणव यायला हवी होती, राग तरी. काहीच आलं नाही.

बादली भरत आली तेव्हा तो निपचित पडला. श्वास चालू होता.

"फेकून दे ते..." माय कुजबुजली.

ओमेश्वरी बादली घेऊन परसात गेली आणि तिनं ती दिव्याच्या उजेडाला धरून आत पाहिलं. तळाशी बोटभर काहीतरी वळवळत होतं. डोक्यावर टिकेशच्या कुळाचे शिंगांचे कोंब, पाठीला चिकटलेले तिच्या कुळाचे ओले पंख. डोळे अजून उघडलेले नव्हते.

तिनं श्वास रोखला. त्या बोटभर जिवानंही रोखला.