तिसऱ्या गाण्यात पडलेला व्हरांडा

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाई गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांशी हुज्जत घालत होत्या. गृहस्थांना गाडी थेट गाण्यापर्यंत न्यायची होती.

"बाई, व्हरांडा पडला," फोनवर हवालदार म्हणाला. "कोपऱ्यावरच्या घराचा. खाली बायका गात होत्या."

बाई गृहस्थांना तिथेच सोडून धावल्या.

या जुन्या गल्लीत वर्षातून एक दिवस घरोघरच्या व्हरांड्यांत गाणं-बजावणं होतं. ऐकणारे रस्त्यात उभे राहतात आणि एका घरून दुसऱ्या घरी सरकत जातात. एरवी गल्ली इतकी गप्प, की कुणी जोरात शिंकलं तरी समोरच्या खिडकीतून डोकं बाहेर येतं. घरं सगळी लाकडी, जतन करायची म्हणून ठरवलेली, आणि सगळ्यांचे खांब हिरवे. उत्सवाआधी समिती ते रंगवून घेते. मग कितीतरी दिवस जो तो बाहीवर नाहीतर कोपरावर हिरवा डाग मिरवत फिरतो.

कोपऱ्यावरच्या घरासमोर धूळ अजून खाली बसली नव्हती. छपराचा एक कोपरा जमिनीला टेकला होता. गात होतं ते शिवणवर्गातल्या बायकांचं मंडळ. बहुतेकींचं खरचटण्यावर निभावलं. त्यांच्या शिवणबाईंनी मात्र पुढच्या दोघींना पायऱ्यांवरून खाली ढकललं आणि तुळई स्वतःच्या पाठीवर घेतली. रुग्णवाहिकेत ठेवताना त्या शुद्धीवर होत्या. माझे पाय कुठे आहेत, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. इन्स्पेक्टरबाईंच्या वर्दीच्या बाह्या त्यांनीच बेतून दिल्या होत्या. 

"जुनं लाकूड, बाई. कुजलं असेल," हवालदार म्हणाला.

"कुजलेलं लाकूड असं सरळ तुटतं का?"

खांब मानेच्या उंचीवर मोडला होता. घराकडच्या बाजूने निम्म्याहून जास्त लाकूड कुणीतरी करवतीने कापलं होतं. कापात पुट्टी भरून वरून रंग फासला होता. कापही सलग नव्हता. थोडं कापायचं, थांबायचं, पुन्हा करवत लावायची, असा तुटक तुटक. बाईंनी रंगावर अंगठा टेकवला. अंगठा हिरवा झाला.

एवढ्यात समितीचे चिटणीस आले. गल्ली त्यांना पाठीमागे नियमकाका म्हणते, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

"सुतार. दुसरं कोण असणार?" ते म्हणाले. "काल सकाळी सगळ्यांसमोर माझ्याशी भांडला. खांब बदला, नाहीतर एक दिवस तुमचं सगळं खाली येईल, म्हणाला."

"मग का नाही बदलले?"

"उभं आहे तोवर हात लावायचा नाही. पडलं तर मग बघू. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. आज खांब बदलतील, उद्या कुणी पायऱ्या काढून उतार बांधेल. जुनी गल्ली नावालासुद्धा उरायची नाही."

सुताराची हत्यारांची पिशवी शेजारच्या कट्ट्यावरच होती आणि सुतारही तिथेच बसला होता. हवालदाराने करवत बाहेर काढली. दातांत हिरव्या रंगाचे कण अडकले होते.

"करवत तुमची?" बाईंनी विचारलं.

"माझीच."

"मग हा रंग?"

"मला नाही माहीत. मी काल सकाळी नुसता हातोडीने एकेक खांब ठोकून बघितला. करवत काढलीच नाही."

"पिशवी कुठे होती?"

"दुपारी जेवायला गेलो तेव्हा याच व्हरांड्यात. नेहमी इथेच ठेवतो. या घरच्या सूनबाई लक्ष ठेवतात."

"व्हरांडा पडेल असं म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो," सुतार म्हणाला. "खरं बोललो आणि तेच गळ्याशी आलं."

पोलिसांच्या दोरीपलीकडे त्याची बायको उभी होती. ती रडत नव्हती, नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी नजर वळवली. भांडण सगळ्यांनी ऐकलेलं, करवत त्याच्याच पिशवीत सापडलेली. संध्याकाळपर्यंत दुसरं काही पुढे आलं नाही तर हा माणूस कोठडीत जाणार होता, आणि शिवणबाईंचं बरंवाईट झालं तर लवकर सुटणार नव्हता. हे त्याला कळत होतं, बायकोला कळत होतं आणि बाईंनाही कळत होतं.

घरात दोनच माणसं राहत होती, सासरे आणि सून. मुलगा जहाजावर नोकरीला. सून दारात उभी होती. चाळिशीची, मोजकं बोलणारी.

"पडलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"आत. बाबांच्या खोलीत."

"बाबा बाहेर येत नाहीत?"

"त्यांची चाकाची खुर्ची आहे. या उंच पायऱ्यांवरून ती उतरत नाही. उचलायला चार माणसं लागतात, आणि रोज रोज चार माणसं कुठून आणायची? दोन वर्षं ते रस्त्यावर उतरलेले नाहीत." ती थांबली. "घंटा वाजवतात, मी जाते. तेवढंच."

तिच्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लाल वळ उठले होते.

"हे पडताना लागलं?"

"हो," ती घाईने म्हणाली आणि आत वळली. तिच्या अंबाड्यावर हिरवा डाग होता. बाईंच्या मनात आलं, हिलाही लागलाच.

शेजारी ड्रमवाला राहायचा. गल्लीने त्याचं नाव धडधड ठेवलं होतं.

"काल दुपारी करवतीचा आवाज ऐकलात?"

"मी ड्रमवर बसलो की शेजारी घर पाडलं तरी मला कळत नाही, बाई."

"किती वेळ वाजवत होता?"

"बराच. अधूनमधून दम खायला थांबायचो." त्याचा चेहरा खुलला. "एरवी सूनबाई भिंतीवर टकटक करतात, बाबांना झोपू द्या म्हणून. काल मात्र स्वतः चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, आज वाजवा हवं तेवढं, थांबू नका. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी असं म्हणालं."

"रंग कधी झाला हो तुमच्या खांबांचा?"

"मागच्या आठवड्यात. सगळ्या गल्लीचा एकदमच झाला. खडखडीत वाळला."

बाई त्याच्या खांबापाशी गेल्या आणि अंगठा दाबून पाहिला. पुढच्या घरी पाहिला, त्याच्या पुढच्याही. अंगठा कोराच राहिला.

गायनमंडळातली एक बाई पायरीवर बसून हाताला पट्टी बांधून घेत होती. तिच्या बोलण्याला खंड नव्हता.

"आम्ही इथे गाणारच नव्हतो हो. इथे बासरीवाले आजोबा होते. खालच्या पायरीवर बसून वाजवणार होते, उघड्यावर, ना माईक ना काही. आमच्या व्हरांड्यात ऊन आलं म्हणून चिटणिसांनी ऐन वेळी आम्हाला इकडे आणलं आणि स्पीकरचं ते धूड वर तुळईला टांगलं. तेवढ्यात सून आतून धावत आली. इथे नको, दुसरीकडे जा, म्हणून अंगावरच आली. शिवणबाई हसल्या, म्हणाल्या, अगं तीनच तर गाणी आहेत."

"मग?"

"मग काय, फुगून बसली. बसली कसली, उभीच होती. खांबाला पाठ लावून, दोन्ही हात मागे नेऊन खांबाला विळखा घालून. दोन गाणी झाली तरी जागची हलली नाही. तिसऱ्याच्या मध्यात आतून सासऱ्यांची घंटा वाजली. तशी ती पळाली, आणि लगेच आमच्यावर आभाळ कोसळलं." तिने पट्टीची गाठ दातांनी ओढली. "एकेकीचं नशीब, दुसरं काय."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना मनापासून वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. शिवणबाई जगणार होत्या, पण चालणार नव्हत्या.

बाईंनी सगळ्यांना पडक्या व्हरांड्यासमोर बोलावलं. चिटणीस आले, धडधड आला, पट्टीवाली आली. सुताराला हवालदार घेऊन आला. सून दारातच उभी राहिली.

"सुताराला सोडा," बाई म्हणाल्या. "त्याने काही केलेलं नाही."

"करवत त्याची आहे," चिटणीस म्हणाले.

"करवत त्याची, हात दुसऱ्याचे. काका, या गल्लीत शिंक आली तरी कळते. काल दिवसभर लोक व्हरांड्यांत माळा लावत होते, तरी करवत एकानेही ऐकली नाही. सुताराला आवाज लपवायची काय गरज? सुतार करवत चालवतोय म्हटल्यावर कुणी मान तरी वळवली असती का? ज्याच्या हातात करवत दिसायला नको होती, त्याने हे केलं. ड्रम चालू असताना कापलं. ड्रम थांबला की हात थांबवला. म्हणून काप असा तुटक आहे."

धडधडचा चेहरा उतरला. "चहा," तो पुटपुटला.

"हो. काल तुम्हाला थांबू नका असं सांगणारं एकच माणूस होतं." बाई दाराकडे वळल्या. "सूनबाई, गल्लीचा रंग आठवड्यापूर्वीच वाळला. ओला रंग आज एकाच जागी होता, याच खांबावर, मानेच्या उंचीवर. तो तुमच्या अंबाड्याला लागलाय."

सुनेचा हात आपोआप मागे गेला.

"हातांवरचे वळ पडताना उठले म्हणालात. पण पडलं तेव्हा तुम्ही आत होतात."

पट्टीवाली उभी राहिली. "म्हणजे हिला माहीत होतं? माहीत असून आम्हाला खाली गाऊ दिलं?"

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "फुगून उभी नव्हती ती. तुम्ही दोन गाणी गायलात, तोवर तिने खांब धरून ठेवला होता."

 मग सूनच बोलली, बेताच्या आवाजात, जणू चुलीवरचं काही उतू जाईल म्हणून घाईत असल्यागत.

"बासरीवाले बाहेर बसणार होते. वर काही टांगायचं नव्हतं. रात्री सगळे गेले की मीच दोर लावून ओढणार होते. काका म्हणाले होते, पडलं तर मग बघू. पडलं की नवं बांधताना उतार मागता आला असता. बाबांना एकदा बाहेर न्यायचं होतं. एवढंच होतं हो."

"मग या बायकांना खरं का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडलं होतं. पण पोलीस आले असते, मला नेलं असतं, मग बाबांचं कोण करणार? वाटलं, तीन गाणी तर आहेत. धरून ठेवीन."

"आणि सुतारावर आळ आला तेव्हा?"

तिने सुताराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तेव्हाही हाच विचार केला. लाज वाटते मला."

सुताराने मोडक्या खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंत. पायऱ्यांवर टाकायला फळी करून दिली असती. हवी तेव्हा टाका, हवी तेव्हा उचला."

"विचारलं होतं, दादा. काका फळीलाही नाही म्हणाले."

सगळे चिटणिसांकडे बघायला लागले. "नियम मी एकट्याने केलेला नाही," ते म्हणाले.  "आणि फळी चांगली दिसली नसती."

बाईंना त्यांचा हात धरून गाडीत बसवावंसं वाटलं. पण फळीला नाही म्हणणाऱ्या माणसाला लावायला त्यांच्याकडे एकही कलम नव्हतं. खांब कापणाऱ्या बाईला लावायला मात्र होती.

"घंटा कशाला वाजली होती?" त्यांनी सुनेला हळूच विचारलं.

"मागे एकदा अशीच वाजली तेव्हा त्यांचा श्वास अडकला होता. मला दुसरं काही सुचलंच नाही. पाय आपोआप आत गेले."

"आज काय झालं होतं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि गाडीकडे वळली.

हवालदाराने गाडीचं दार उघडलं. ती पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर असताना आतून घंटा वाजली. ती चटकन मागे वळली, आणि मग आपण कुठे निघालोय ते आठवून थांबली. तिने इन्स्पेक्टरबाईंकडे पाहिलं.

"मी जाते," बाई म्हणाल्या. "मुलाला कळवते. तो येईपर्यंत..."

"मी बसतो बाबांपाशी," धडधड म्हणाला. तो डोळे पुसत होता.

आतली खोली स्वच्छ होती. चादर ताणून घातलेली, औषधं ओळीने लावलेली. खुर्चीत एक वाळका म्हातारा बसला होता, हातात पितळी घंटा. वर्दी पाहून तो दचकला नाही.

"सून कुठेय?"

"जरा बाहेर गेल्यात. काय हवंय, बाबा?"

"ती खिडकी तेवढी उघडा. मघाशी तिला त्यासाठीच हाक मारली. बायका छान गात होत्या, पण बंद खिडकीतून शब्द कळत नव्हते. ती आली, कडीला हात घातला, तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला आणि ती तशीच धावली. गाणंही थांबलं." त्याने घंटा मांडीवर ठेवली. "त्यांना सांगाल का, ते तिसरं गाणं पुन्हा म्हणा म्हणून?"

बाईंनी कडी काढली आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर गाडी सुरू झाली होती. मागच्या काचेतून हिरव्या डागाचा अंबाडा दिसत होता. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत म्हातारा मान पुढे काढून कान देत होता.

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.